फुलं आली, शेंगा कुठे?

आमच्या वडोदऱ्याच्या गच्चीवरचा वालपापडीचा वेल नोव्हेंबरभर जांभळ्या फुलांनी लगडला होता. शेंगा मात्र मोजून चार! बाकी फुलांचा कुंडीभोवती सडा. बियाणं आजीच्या बरणीतलं, शेवटचं मूठभर. त्यामुळे उत्तरायणच्या उंधियूपेक्षा पुढच्या वर्षी पेरायचं काय, हीच काळजी मोठी.

मी कोड तपासणारा माणूस. आधी सवयीने दोष दुसऱ्यावर टाकला: बियाणं जुनं, हवा खराब. मग स्वतःचे उद्योग आठवले. दर पंधरा दिवसांनी चमचाभर युरिया! वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र त्याला मिळवून देतात. वरून आणखी दिला की वेल नुसती पानं वाढवतो. शिवाय रोज भरपूर पाणी, माती कायम चिकट. आणि मावा दिसला म्हणून फुललेल्या वेलावर भर दिवसा कीटकनाशक. वाल स्वतःच्या परागांवरही फळतो, पण मधमाश्यांची ये-जा असली की शेंगा चांगल्या धरतात. मी त्यांनाच पळवून लावलं होतं.

आजी म्हणाली, "अरे, लाड फार केलेस त्याचे."

युरिया बंद केला. मातीत बोट घालून, कोरडी लागली तरच पाणी. मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुतला. सगळे बदल एकदम केले, त्यामुळे नेमकं कशाने जमलं ते कळणार नाही. ऑफिसात असं केलं असतं तर बोलणी खाल्ली असती.

संक्रांतीपर्यंत एकवीस शेंगा धरल्या. त्यातल्या सहा बियाण्यासाठी वेलावरच वाळू दिल्यात. उंधियूची पापडी बाजारातूनच आणली.