कुत्रा लाडका, कोंबडी बेकायदेशीर

दिल्लीत मी भाड्याने राहते त्या कॉलनीच्या मागच्या भिंतीला लागून एक वस्ती आहे. तिथल्या चार-पाच घरांत कोंबड्या आहेत. गेल्या महिन्यात कॉलनीतल्या एका काकांनी सह्यांसाठी कागद फिरवला: वास येतो, रोगराई पसरते, महापालिकेने कोंबड्या उचलाव्यात. कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यावर एक ओळखीची सही होती. आपल्यातलाच मुलगा, घरातला पहिला पदवीधर, आता सरकारी नोकरीत.

मी कायदा काढून वाचला. दिल्ली महापालिका कायदा, 1957, कलम 417. विक्रीसाठी किंवा उत्पादनाच्या विक्रीसाठी पक्षी पाळायचे तर परवाना हवा. नसेल तर कलम 418 खाली पक्षी जप्त होतात. म्हणजे अंडी घरीच खाल्ली तर ही अट लागत नाही, शेजारणीला चार विकली की लागते. आता चार अंडी विकण्याची गरज कोणाला पडते? कायद्यात जात कुठेच लिहिलेली नाही. लिहायची गरजच पडली नाही.

याच कायद्यात कुत्र्यांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. कॉलनीतल्या किती कुत्र्यांची नोंदणी झालीय, हे विचारणारा कागद कधी फिरला नाही. उलट भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 साली सोसायट्यांना बजावलं की, सगळ्या रहिवाशांचं एकमत झालं तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येणार नाही. चांगलंच केलं. पण कोंबडीच्या बाजूने असं पत्र कोण काढणार?

रोगाची भीती खोटी नाही. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तो मोठ्या पोल्ट्री शेडमध्ये सापडला, पण आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. जानेवारी 2021 मध्ये दिल्लीतला गाझीपूरचा कोंबडी बाजार बंद ठेवावा लागला. म्हणून नियम हवेतच: खुराडं स्वच्छ, राणीखेतची लस, पक्षी अचानक मेले तर लगेच कळवणं. न्यूयॉर्कमध्ये कोंबडी पाळता येते, कोंबडा नाही. (पहाटे आरवतो म्हणून. हे मलाही पटतं.) शहराला नियम करता येतात, करायचे असतील तर.

गंमत बघा. हैदराबादचं कुक्कुट संशोधन संचालनालय अनुसूचित जाती उपयोजनेतून गावातल्या आपल्या बायांना वनराजासारख्या जातींची पिल्लं देतं. गावात ती लाभार्थी असते. तीच बाई शहरात आली की विनापरवाना.

सही करणारा तो मुलगा मला म्हणाला, "बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं होतं, गाव सोबत आणायला नाही." बोलायला सोपं आहे. सोडायची होती ती गावकी, ती पायरी, ती वेस. कोंबडी त्यात कधीपासून आली? माझ्या आईने अंडी विकून माझ्या बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरला. आम्हाला गुंठाभर जमीन नाही, तरी हॉस्टेलमध्ये मी "घरी शेती आहे" असं सांगायचे. कोंबड्यांचं नाव कधी काढलं नाही. त्याच्या सहीत मला माझी तीच लाज दिसली.

मी सही केली नाही. दुसरा कागद लिहिलाय: घरामागे दहापर्यंत कोंबड्यांना परवाना नको, अंडी विकायला मुभा, वर्षातून दोनदा वस्तीत लसीकरण, आणि नोटीस दिल्याशिवाय जप्ती नाही. त्यावर वस्तीतल्या अकरा सह्या आहेत. कॉलनीतली फक्त माझी. रविवारी त्या मुलाच्या घरी जाणार आहे.