'आपला माणूस' कोर्टात बसला म्हणजे झालं?

कोर्टात 'आपला माणूस' हवा, हे यवतमाळात मी कायम ऐकतो. प्रतिनिधित्व हवंच, त्यावर वाद नाही. पण तेवढ्यावर विसंबणाऱ्यांनी आणीबाणी आठवावी.

जुलै 1975 मध्ये जमाते इस्लामी हिंदवर बंदी आली, संघावरही. दोन्हीकडची माणसं मिसाखाली खटल्याविना तुरुंगात गेली. आपला जिल्हा ज्या नागपूर खंडपीठाखाली येतो त्याने, आणि इतरही उच्च न्यायालयांनी, स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतील असं ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. 28 एप्रिल 1976 रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ते दार बंद केलं. त्या चौघांत मिर्झा हमीदुल्ला बेग होते आणि मराठी यशवंत चंद्रचूडही. मुसलमान कैद्याला बेग कामी आले नाहीत, मराठी कैद्याला चंद्रचूड नाहीत. विरोधात एकटे हंसराज खन्ना. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले.

तिकडे फिलिपिन्समध्येही मार्कोसने 1972 साली मार्शल लॉ लावला, तेव्हा कोर्टं उघडीच होती. 1974 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विरोधकांची अटक वैध ठरवली.

आपल्याकडचा निकाल 2017 मध्ये चुकीचा ठरवला गेला. 41 वर्षांनी! तुरुंगात सडलेल्यांना त्याचा काय उपयोग?

म्हणून भावांनो, न्यायमूर्तींच्या यादीत नुसती आपली नावं मोजू नका. ते काय निकाल देतात ते वाचा. आणि विचार न पटणारा माणूस खटल्याविना आत गेला, तरी त्याच्यासाठी बोला. जमातवाले आणि संघवाले एकाच कायद्याने आत गेले होते.