बंद खोलीची चावी

१४ मे २०२५ ला अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले. पहिले बौद्ध सरन्यायाधीश! आमचं वाशीम अमरावती विभागातच, म्हणून मीही हरखलो. पण माझा सवाल खुर्चीमागच्या खोलीला आहे.

न्यायाधीश कोण होणार, हे सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश दार लावून ठरवतात. याचं नाव कॉलेजियम. घटनेत हा शब्दच नाही. १९९३ आणि १९९८ च्या निकालांतून कोर्टानंच ते उभं केलं. बाबासाहेबांनी तर २४ मे १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं, की सरन्यायाधीशही माणूसच, त्यालाही पूर्वग्रह असतात. नेमणुकीत त्याच्या हाती नकाराधिकार देणं धोक्याचं.

२०१० ला बालकृष्णन निवृत्त झाले. २०१९ ला गवई येईपर्यंत नऊ वर्षं तिथं एक दलित न्यायाधीश नव्हता. अख्ख्या देशात लायक माणूसच नव्हता काय? कुणी विचारलं? कुणी जबाब दिला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये गवईही निवृत्त झाले. माणूस सहा महिन्यांत जातो, खोली तशीच राहते. कुणाला का घेतलं, कुणाला का डावललं, ते लेखी सांगा. भिंतीवर फोटो पुष्कळ झाले. आता चावी द्या.