बॅटरी नवी, तरी व्हॅन सोमवारी सकाळी गप्प का?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक दृश्य ठरलेलं असायचं. पावसात दप्तरं सांभाळत उभी असलेली पाच-सहा मुलं आणि पांढऱ्या ओम्नीला मागून धक्का देणारे त्यांचे बाबा. व्हॅनवाल्या काकांनी दीड वर्षात दोन बॅटऱ्या घातल्या होत्या. तरी गाडी अडायचीच, आणि तीही बहुधा सोमवारी. तिसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा उत्तर तेच मिळालं, ‘बॅटरी गेली, नवी घ्या.’ हे सांगताना कोणी मीटर लावला नव्हता. व्हॅनवर घर चालवणाऱ्या माणसाचे त्यात महिन्याचे किती पैसे जातात, हा हिशेबही कोणी केला नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. वाहनाचं चार्जिंग मोजून दाखवल्याशिवाय बॅटरी विकू नये आणि ग्राहकानेही घेऊ नये. मोजायला दहा मिनिटं लागतात आणि चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो.

मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली आणि ओम्नी या नावाने २०१९ पर्यंत बनत राहिली. म्हणजे आज रस्त्यावरची सगळ्यांत तरुण ओम्नीही काही वर्षं राबलेली आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, जमिनीच्या जवळ. पावसाळ्यात खालून चिखलपाणी उडतं, कोकणात त्यात खारी हवा. विजेची रचना मात्र साधी आहे, आणि म्हणूनच तिच्यातला दोष घरच्या घरी शोधता येतो.

मीटर काय सांगतो?

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दिवा-पंखा काहीही न लावता, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर धरा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. मग सेल्फ मारताना कोणाला तरी आकड्यावर लक्ष ठेवायला सांगा. भरलेली बॅटरी असूनही तो साडेनऊच्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे.

आता इंजिन चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ दरम्यान आकडा हवा. इंजिन चालू असतानाही तो साडेबारावरच रेंगाळत असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीतलं पाणी उकळून उडतंय. नंतर हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावून बघा. दोन हेडलाइटच नऊ-दहा अँपिअर खातात. शाळेची व्हॅन दर दोनशे मीटरवर थांबते, पावसात दिवे-वायपर सतत चालू, इंजिन बहुतेक वेळ आयडलवर. त्या वेगात अल्टरनेटर पूर्ण ताकदीने काम करत नसतो. अशा गाडीची बॅटरी निरोगी असली तरी अर्धपोटी राहते.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवाही बघावा. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चावी फिरवूनही लागत नसेल तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणून सोडून देऊ नका. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. बल्ब उडाला तर चांगला अल्टरनेटरही जागा होत नाही. पाच-दहा रुपयांच्या बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदलला गेल्याची उदाहरणं कुठल्याही वायरमनकडे मिळतील.

एक खोड मात्र मोडायलाच हवी. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का ते पाहून ‘डायनॅमो’ तपासायचा, हा रस्त्याकडेचा लाडका प्रयोग आहे. बॅटरी सुटताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्यात रेग्युलेटर, डायोड, म्युझिक सिस्टीम काहीही जळू शकतं. नसलेला दोष तपासणीतच तयार होतो.

मग काकांच्या व्हॅनमध्ये काय होतं?

रविवारी सकाळी आम्ही मीटर घेऊन बसलो. गाडी धक्क्याने सुरू केली. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर १३.२. काका म्हणाले, ‘म्हणजे अल्टरनेटर गेला.’ पण मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टला आणि दुसरं त्याच्याच बॉडीला लावलं तर १४.३! अल्टरनेटर बिचारा बरोबर काम करत होता. वाटेत १.१ व्होल्ट कुठे तरी हरवत होते.

हरवलेलं व्होल्टेज शोधायची रीत सोपी आहे. इंजिन आणि दिवे चालू ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अल्टरनेटरच्या बोल्टपर्यंत मोजलं, ०.२ आलं. हे चालण्यासारखं. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत मोजलं तर ०.९. म्हणजे चोरी अर्थिंगमध्ये. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते बॉडीला विजेने जोडायला एक जाड पट्टी लागते. काकांच्या गाडीतली पट्टी बोल्टाजवळ हिरवी पडून अर्धी तुटली होती. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी सगळ्यांना दिसते, गरम पाणी ओतून आपण ती धुतोही. ही पट्टी खाली चिखलात असते, तिच्याकडे बघतं कोण? पट्टी बदलली, बोल्टखालचा गंज आणि रंग कानसने पत्रा चमकेपर्यंत घासला. बॅटरीवर १४.१ दिसू लागले.

फॅन बेल्ट आम्ही आधीच दाबून पाहिला होता. तो ठीक होता. बेल्ट सैल असेल तर सकाळी इंजिन सुरू होताच चीं-चीं आवाज येतो, त्याला वेगळा मीटर लागत नाही.

पण सोमवारीच का?

याचं उत्तर चार्जिंगमध्ये नव्हतं. शनिवारी दुपारी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सहाला निघते. मधल्या बेचाळीस तासांत काही तरी बॅटरी पीत होतं.

मीटर हाताळायची भीती वाटत असेल त्याच्यासाठी एक युक्ती आहे. संध्याकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. सकाळी व्होल्टेज जागेवर असेल तर गळती गाडीत आहे. वायर काढूनही घसरलं असेल तर दोष बॅटरीच्या पोटात. दुकानात जाण्याआधी एवढं केलं तरी निम्मे वाद मिटतात.

नेमका आकडा हवा असेल तर सगळं बंद करून, दारं लावून, निगेटिव्ह वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या जागेवर लावायचा. तो लागलेला असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही. इतक्या साध्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा. काकांच्या गाडीत ३०० आला. बेचाळीस तासांत हे साडेबारा अँपिअर-अवर होतात, आणि बॅटरी होती ३५ ची. आधीच अर्धपोटी बॅटरी त्यात टिकणार कशी?

मग एकेक फ्यूज काढत गेलो. आकडा हलेना. फ्यूजला वळसा घालून थेट बॅटरीवरून घेतलेल्या दोन वायरी सीटखाली सापडल्या. एक म्युझिक सिस्टीमची, दुसरी आधीच्या मालकाने बसवलेल्या आणि सगळे विसरून गेलेल्या जीपीएसची. दोन्ही सोडवल्यावर आकडा २० वर आला. त्यानंतरही उतरला नसता तर अल्टरनेटरची जाड वायर सुटी करून पाहिली असती. त्यातला डायोड फुटला तर गाडी बंद असतानाही बॅटरी तिकडून रिकामी होते.

दुकानदारांची बाजूही आहे. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट होतं आणि ती खरोखरच निकामी होते. म्हणजे ‘बॅटरी गेली’ हे त्यांचं निदान त्या दिवशी खोटं नसतंही. पण ती कशाने गेली हे न शोधता नवी बसवली तर तिचीही तीच गत होणार, आणि केवळ उतरलेली बॅटरी सहसा वॉरंटीतही बसत नाही. जुन्या बॅटरीत शिसं आणि ॲसिड असतं. ती परत घेऊन पुनर्वापरात नेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. बिलावर जुन्या बॅटरीची वजावट लिहिली जाते, तशा दोन ओळी आणखी लिहायला काय हरकत आहे? इंजिन चालू असतानाचं व्होल्टेज आणि गाडी बंद असतानाची गळती. ग्राहकाने आग्रह धरला तर दुकानदार लिहील.

काकांनी तिसरी बॅटरी घेतली नाही. दुसरीच बाहेर काढून साडेतीन अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर ठेवली. पूर्ण रिकामी बॅटरी भरणं हे अल्टरनेटरचं काम नव्हे, त्याने तो तापतो. दोन आठवड्यांनी सोमवारी सकाळी सहाला मोजलं, १२.५. सेल्फ पहिल्याच दमात लागला. म्युझिकची वायर तेवढी फ्यूजमधून नव्याने घ्यायची राहिली आहे. मुलं रोज विचारतात, गाणी कधी लागणार.