कृष्णविवरांचा अभ्यास सोलापुरातही व्हावा

कृष्णविवर स्वतः दिसत नाही. जोडीदार ताऱ्याचा वायू ओढताना त्याचा सुगावा लागतो. भोवती फिरणाऱ्या तप्त वायूतून क्ष-किरण निघतात, बाहेर फेकलेल्या झोतांतून रेडिओ लहरी. एकाच तरंगलांबीत पाहिले तर निम्मी हकिगत हुकते.

महाराष्ट्राकडे दोन्ही साधने आहेत. १९९२मध्ये सापडलेल्या 'जीआरएस १९१५+१०५' या कृष्णविवर-तारा जोडीचा वेध खोडदच्या 'जीएमआरटी' दुर्बिणीने रेडिओत घेतला. २०१५मध्ये झेपावलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहाने मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेमध्ये घडलेल्या उपकरणांनी क्ष-किरणांत.

ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी अभ्यासकांना खुल्या आहेत. त्या अभ्यासायला दुर्बीण नव्हे, संगणक आणि मार्गदर्शक लागतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांत त्या जरूर आणाव्यात आणि त्यासाठी पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेची मदत मागावी.