'नॉट फाउंड सुटेबल'ला उत्तर कोणत्या शब्दांत?

राखीव जागेची मुलाखत होते. उमेदवाराकडे पदवी असते, नेट असते, पीएच.डी. असते. निकालाच्या कागदावर मात्र 'नॉट फाउंड सुटेबल' एवढेच लिहिलेले असते. योग्य आढळला नाही! काय कमी पडले? विषयाचे ज्ञान, शिकवण्याची हातोटी की संशोधन? कागद गप्प असतो आणि जागा रिकामी राहते.

मग आपला तरुण अर्ज लिहितो : 'माझ्यावर घोर अन्याय झाला, समिती जातीयवादी आहे.' त्याचा राग शंभर टक्के खरा असतो. पण साहेब एका ओळीत फाईल बंद करतो : 'आरोपात तथ्य नाही.' मोघम शेऱ्याला मोघम आरोपाने उत्तर दिले की खुर्चीवर बसलेलाच जिंकतो.

दोष नेमका कसा दाखवावा, हे बाबासाहेबांकडून शिकले पाहिजे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. समोर सेनार्त, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर अशा नामवंतांच्या जातीविषयक व्याख्या होत्या. 'सगळे चूक' म्हणून ते मोकळे झाले नाहीत. सेनार्त यांनी धरलेला विटाळ हे जातीचे मूळ लक्षण नव्हे. नेसफिल्ड यांनी परिणामालाच कारण मानले. रिस्ले यांच्याकडे नवे काही नाही. केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणे. प्रत्येकाचा दोष वेगळा, म्हणून त्याचे नावही वेगळे. आणि केतकरांनी जातीकडे सुटी न पाहता जातिव्यवस्थेच्या संदर्भात पाहिले, याचे श्रेयही त्यांना दिले.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांचे भाषण पचले नाही, परिषद रद्द झाली. त्यांनी शब्द मवाळ केले नाहीत. भाषण स्वखर्चाने छापले आणि शीर्षकात 'रिफॉर्म' नव्हे, 'अ‍ॅनिहिलेशन' हा शब्द ठेवला. डागडुजी नको, निर्मूलन हवे! नुसती 'इनइक्वॅलिटी' म्हणून भागत नव्हते, म्हणून पायरीपायरीच्या विषमतेला त्यांनी 'ग्रेडेड इनइक्वॅलिटी' म्हटले. प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्याला का दाबतो, हे त्या एका शब्दाने उघडे पडले.

आपल्या मुलांना असे शब्द हवेत. कारणच न देणारा आदेश म्हणजे 'नॉन-स्पीकिंग ऑर्डर'. निकष न ठेवता केलेली मनमानी म्हणजे 'आर्बिट्ररी'. मनमानी आणि समता यांचे वैर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या रोयप्पा खटल्यात सांगितले आहे. एकाच प्रश्नावर आज एक आणि उद्या दुसरी भूमिका, ती 'इनकन्सिस्टंट'. तर्कावर टिकत नाही तो युक्तिवाद 'अनटेनेबल'. वरून गोड, आतून खोट, ते 'डिसइन्जेन्युअस'. समितीवर शोभेपुरता आपला एक माणूस बसवणे, हा 'टोकनिझम'.

पण लक्षात ठेवा, शब्द पाठ करून भागणार नाही. 'आर्बिट्ररी' लिहायचे तर निकष आणि गुणांचा तक्ता हातात हवा. त्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. पुराव्याशिवाय फेकलेला जड शब्द 'नॉट फाउंड सुटेबल'इतकाच पोकळ.

आणि ही शिस्त केवळ विरोधकांसाठी नाही. चळवळीत मतभेद झाला की आपल्याकडे दोनच शब्द निघतात : 'गद्दार' आणि 'विकला गेला'. भूमिकेत विसंगती आहे की माहिती अपुरी, हेतू वाईट आहे की मार्ग चुकला, हे आपण तपासतो का? एकाच शिवीत सगळे कोंबले की चूक सुधारत नाही, गट मात्र वाढतात.

तेव्हा वस्तीवस्तीतल्या विहारात, अभ्यासिकेत आठवड्याचा एक तास यासाठी काढा. एखादा नकाराचा आदेश समोर ठेवा. त्यातला दोष आधी मराठीत सांगा, मग त्याचा इंग्रजी शब्द शोधा, मग पुरावा जोडा. पुढच्या वेळी 'नॉट फाउंड सुटेबल' आले की अर्जात एकच प्रश्न जाऊ द्या : कोणत्या निकषावर? या प्रश्नाला 'तथ्य नाही' हे उत्तर पुरणार नाही.