विश्लेषण : नागिणीच्या लशीनंतर ताप आला, तर दुसरा डोस टाळावा का?

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो. वयोमानाने प्रतिकारशक्ती घटली, की तोच नागीण होऊन उठतो. 'विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो' हा समज निराधार आहे. पुरळ बहुधा एकाच बाजूला येते. खरी भीती, पुरळ गेल्यावरही महिनोन् महिने राहणाऱ्या वेदनांची.

लस कोणाला?

'शिंग्रिक्स' भारतात २०२३ मध्ये आली. पन्नाशीपुढील व्यक्तींना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस दिले जातात. चाचण्यांत सुमारे ९७ टक्के संरक्षण दिसले. मात्र सरकारी लसीकरणात ती नसल्याने खर्च खिशातूनच.

त्रास का होतो?

लशीत जिवंत विषाणू नसतो. प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या घटकामुळे दंड दुखतो, अंग मोडून येते, थकवा, ताप जाणवतो. दोन-तीन दिवसांत हे ओसरते.

काय करावे?

दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे काम ठेवू नये. दंडावर थंड पट्टी, भरपूर पाणी, डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल. श्वास लागला, चेहरा सुजला तर तातडीने रुग्णालय गाठावे. अशी तीव्र अ‍ॅलर्जी झाल्यास दुसरा डोस घेऊ नये. निव्वळ ताप आला म्हणून मात्र तो चुकवू नये. एका डोसावर संरक्षण अपुरे राहते.